कोणती जळू?

फैजपूरच्या बसस्टँडजवळ, चहाच्या टपरीवर कुणी वैतागून म्हणालं, ‘तो माणूस म्हणजे नुसती जळू आहे, जळू,’ की कोपऱ्यातल्या बाकावरून हमखास आवाज येतो,

‘कोणती?’

बोलणारा गावातला असेल तर जीभ चावतो आणि अर्धा चहा तसाच ठेवून पळतो. नवखा असेल तर फसतो. ‘जळू म्हणजे जळू, त्यात कोणती काय असायची?’ असं तो म्हणतो आणि तिथंच त्याची सावद्याची गाडी चुकते. मागून रावेरची येते, तीही जाते. तोवर बाकावरच्या माणसानं त्याचं मनगट धरलेलं असतं. जगात जळवांच्या सुमारे ७०० जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जन्मात कुणाच्या रक्ताला तोंड लावत नाहीत, इथून सुरुवात झालेली असते.

हे आमचे जळू सर. खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. पंचक्रोशीतल्या एका कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन आता वीस वर्षं झाली. पोरांनी ठेवलेलं टोपणनाव पहिल्यांदा कानावर गेलं तेव्हा खरं तर त्यांनी चिडायला हवं होतं. त्यांनी फळ्याकडे वळून फक्त व्याकरण तपासलं. ‘एक असली तर जळू, अनेक असल्या तर जळवा. मी एकटाच आहे, तेव्हा जळू बरोबर आहे.’ आणि पुढचा धडा सुरू केला.

प्रत्येक गावाला असा एक माणूस लागतोच. कुणाला जुन्या नाण्यांचं वेड असतं, कुणाला मोडीचं, कुणी साऱ्या भाऊबंदांची सात पिढ्यांची वंशावळ खिशात घालून लग्नाच्या मांडवात बसलेला असतो. असा माणूस समोरून येताना दिसला की आपण खाली वाकून चपलेचा अंगठा चाचपत बसतो. आणि तोच माणूस चार दिवस दिसला नाही की आपणच दुकानात विचारतो, ‘बरे आहेत ना हो?’

सरांचा पोशाख ठरलेला. पांढरा हाफ शर्ट, उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, खांद्याला शबनम. लोकांच्या खिशात पेन असतं तिथं यांच्या खिशात भिंग. ते भिंग वर्तमानपत्रावर, भाजीवर, तुमच्या हातावर उठलेल्या पुरळावर, कशावरही फिरतं. एकदा केळीच्या घडाचा सौदा चालू असताना सरांनी व्यापाऱ्याच्या तळहाताकडे भिंगातून पाहिलं, तर तो बिचारा घाबरून भाव वाढवून बसला, असं लोक सांगतात. सर म्हणतात, मी फक्त त्याची खरूज बघत होतो.

त्यांची माणसाला धरायची पद्धत त्यांच्या विषयातूनच आलेली आहे, असा माझा जुना संशय आहे. जळूला दोन चूषक असतात, पुढं लहान, मागं मोठा. पुढच्याची पकड पक्की झाल्याशिवाय ती मागचा सोडत नाही. असं करत करत वाट कापते. सर टपरीवर अगदी असेच पुढं सरकतात. डाव्या हातात तुमचं मनगट असतं आणि तुम्ही सुटायला बघत असता. समोरून दुधाचे कॅन घेतलेला कुणी येतो. सरांचा उजवा हात लांब होतो, त्याच्या खांद्यावर पडतो, पकड बसते आणि मगच तुमचं मनगट मोकळं होतं. मध्ये कुणालाच धरलेलं नाही, असे मोकळे उभे असलेले सर मी चाळीस वर्षांत पाहिलेले नाहीत.

मात्र एक गोष्ट लगेच नोंदवायला हवी. चहाचे पैसे सर देतात. नेहमी. धरलेल्याचे, सुटलेल्याचे, आणि अर्धा चहा टाकून पळालेल्याचेसुद्धा.

पोटाचंही तेच. आपल्याकडे गाईम्हशींना लागणारी जी जळू आहे, प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली हिरुडिनारिया, तिच्या पोटात साठवणीचे दहा कप्पे एकामागं एक असतात. एकदा पिऊन फुगली की महिनोन्महिने तिला दुसरं काही लागत नाही, आतला साठा सावकाश पचत राहतो. सर गावच्या बातम्यांचं हेच करतात. माझ्या मेव्हण्यानं २०११ साली मोटारसायकल घेतली होती. परवा सरांनी मला थांबवून विचारलं, ‘त्याचे दोन हप्ते थकले होते, भरले का रे?’ मी म्हटलं, सर, ती गाडी विकून त्याला सहा वर्षं झाली. सर म्हणाले, ‘तो प्रश्न वेगळा. हप्ते भरले का?’

यावर त्यांच्याकडे शास्त्राधारही तयार असतो. २०१२ साली काही संशोधकांनी व्हिएतनामच्या जंगलातल्या जळवा गोळा केल्या, त्यांच्या पोटातलं रक्त तपासलं आणि तिथं कोणकोणते प्राणी राहतात ते शोधून काढलं. कॅमेऱ्यांनाही हुलकावणी देणाऱ्या पट्टेरी सशाचा पत्ता जळूच्या पोटात लागला. ‘कॅमेरा काय सांगणार? जळूला विचारा,’ सर म्हणतात. फैजपूरचा मागल्या पन्नास वर्षांचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्यानं दप्तरं धुंडाळत बसू नये, टपरीवर मनगट पुढं करावं.

वर्गीकरण हा सरांचा श्वास आहे. टपरीवर एकदा सोसायटीचे चेअरमन बसले होते. कुणीतरी गांडूळखताचा विषय काढला आणि गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, असं ठरलेलं वाक्य म्हटलं. सर म्हणाले, ‘जळू त्याच्याच घरातली बरं का. दोघंही वलयी संघातले. गांडुळांच्याच एका फांदीवर जळवा फुटल्या. एकाच आजोबांची नातवंडं. एकानं शेतात राबायचं ठरवलं, दुसरीनं निवडणूक लढवली.’ चेअरमन सगळ्यात जास्त हसले आणि घाईनं उठले.

माणसांचे त्यांनी पाडलेले गटही शास्त्रशुद्ध आहेत. जळवांत काही सोंडेच्या, काही बिनसोंडेच्या. सोंडेची जळू बारीक सोंड आत सारते, तशीच माणसंही असतात. ती घरात केव्हा शिरली ते कळत नाही. बिनसोंडेच्यांत ज्यांना जबडे आहेत त्या तीन जबड्यांनी कापतात, आणि कातडीवर मर्सिडीज गाडीच्या बिल्ल्यासारखी तीन पाकळ्यांची खूण ठेवतात. ‘हा माणूस बरा,’ सर म्हणतात. ‘निदान पावती देतो.’ तिसऱ्या बिनजबड्याच्या. त्या रक्तबिक्त पीत नाहीत. किडा, गांडूळ, जे मिळेल ते सगळंच्या सगळं गिळतात. या गटाचं मानवी उदाहरण सर मोठ्यानं सांगत नाहीत, नुसते रस्त्यापलीकडच्या एका दुमजली बंगल्याकडे बघतात.

घरात मात्र सुश्रुत चालतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय जळवांवर आहे. त्यात बारा जळवा सांगितल्या आहेत, सहा विषारी, सहा बिनविषारी. कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी आणि सावरिका या बिनविषारी सहाजणींचा सर आणि काकू पाहुण्यांसमोर सांकेतिक भाषा म्हणून उपयोग करतात. शंकुमुखी झपाट्यानं पिणारी, म्हणून उसने पैसे मागायला आलेल्या भाच्याचं नाव शंकुमुखी. मूषिकेला वास मारतो, म्हणून विड्या ओढणारे शेजारी मूषिका. सावरिका अठरा अंगुळं लांब आणि ती फक्त जनावरांनाच लावायची. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला पाणी देऊन सर आत गेले आणि काकूंना म्हणाले, ‘सावरिका आहे. माणसांना लावू नये.’ पुढाऱ्याला वाटलं, एखादी वनौषधी असेल. त्यानं नाव लिहून घेतलं.

या अध्यायाबद्दल सरांची एकच तक्रार आहे. जळवा कुठं मिळतात ते सांगताना सुश्रुतानं यवन, पांड्य, सह्य, पौतन असे मुलूख सांगितले, आणि सातपुड्याचं नाव घेतलं नाही. ‘सह्याद्रीचं घेतलं,’ सर म्हणतात, आणि विदर्भ-खान्देशच्या अनुशेषाबद्दल माणूस ज्या सुरात बोलतो त्याच सुरात पुढं म्हणतात, ‘म्हणजे हे तेव्हापासून चालू आहे.’

त्यात जखमेवर मीठ चोळलं ते पुण्याच्या जावयानं. पावसाळ्यात आंबोलीला फिरायला गेला, तिथं पायाला जळू लागली आणि इकडे आल्यावर मोठ्या कौतुकानं त्यानं फोटो दाखवला. सरांचा चेहरा उजळला. जमिनीवरची जळू, हीमाडिप्सा! मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या आमच्या मुलखात ती दिसायची नाही, तिला ओली, दाट झाडी लागते. इथली जळू डबक्यात आणि तळ्यात, म्हशीची वाट बघत बसणारी. सरांनी भिंग काढलं. ‘डोळ्यांच्या पाच जोड्या मोजल्यास का?’ जावई म्हणाला, ‘नाही पप्पा, लायटरनं जाळली.’ सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘चटका दिला की ती पोटातलं जखमेत ओकते. नखानं बाजूला सारायची. मुलगी दिली तेव्हा हे विचारायला हवं होतं.’

या ‘कोणती’पायी एकदा मोठा घोळ झाला. बदलून आलेला एक तरुण बँक अधिकारी खोली शोधत सरांच्या दारात उभा राहिला. सर ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘जात कोणती?’

पोराचा चेहरा पडला. त्या दिवशी हा प्रश्न विचारणारं ते चौथं दार होतं. ‘तुम्हीसुद्धा, सर? येतो मी,’ म्हणून तो वळला. सर ओरडले, ‘अहो, तुमची नव्हे! तुमच्या पिशवीवर नाकतोडा बसलाय त्याची!’ पोरगा थांबला. पिशवीवर खरोखरच एक हिरवा नाकतोडा बसला होता. सर पुढं म्हणाले, ‘माणसाची काय विचारायची? एकच आहे. लिनियसनं १७५८ साली लिहून ठेवली. त्याच पुस्तकात त्यानं युरोपातल्या वैद्यांच्या जळूलाही नाव दिलं. दोघांची नोंद एकाच वर्षीची. कुणी कुणाला नावं ठेवू नयेत.’ तो अधिकारी तीन वर्षं त्यांच्याकडे राहिला. बदली झाली तेव्हा त्याला फैजपुरातले सगळे नाकतोडे नावानं ओळखता येत होते. कर्जदारांचं विचारू नका.

लिनियसच्या त्या नावानं मात्र सरांना म्हातारपणी दगा दिला. युरोपातली औषधी जळू म्हणजे हिरुडो मेडिसिनॅलिस, असं त्यांनी उभी हयात शिकवलं. तिचं वैभव सांगताना ते रंगून जायचे. फ्रान्सनं १८३३ साली एका वर्षात चार कोटींच्या वर जळवा बाहेरून आणल्या होत्या. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर तुंबलेलं रक्त ती ओढून घेते, आणि म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००४ साली तिला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. हे सगळं झालं आणि २००७ साली संशोधकांनी जनुकं तपासून सांगितलं, की मेडिसिनॅलिस म्हणून बाजारात विकली जाते ती जळू मेडिसिनॅलिस नव्हेच. ती तिची बहीण, हिरुडो वर्बाना.

सरांना हे कळलं त्या रात्री साडेनऊला मला नाशिकला फोन आला. मी बँकेतून येऊन नुकता जेवायला बसलो होतो. ‘तुझी एस. वाय.ची वही काढ,’ सर म्हणाले. ‘प्रकरण चौथं. डाव्या पानावर खाली मेडिसिनॅलिस लिहिलंय. दुरुस्ती कर.’ ती वही रद्दीत जाऊन वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, ‘केली, सर.’ पलीकडून समाधानाचा सुस्कारा आला. पुढं कळलं की त्यांनी असे दीडशे-दोनशे फोन केले होते, पत्ते शोधून पोस्टकार्डं टाकली होती. एक विद्यार्थी दुबईत तेलाच्या कंपनीत होता, त्यालाही सोडलं नाही. आजही सर घरी आले की माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघतात, आणि मी पंखा वाढवायला उठतो.

सरांच्या खिडकीत हॉर्लिक्सची जुनी बाटली असते, तिच्यात पाणी आणि पाण्यात एक जळू. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मेरीवेदर नावाच्या डॉक्टरानं वादळाचा अंदाज सांगणारं यंत्र मांडलं होतं. बारा बाटल्या, बारा जळवा. हवा बिघडायला लागली की जळवा वर चढायच्या आणि घंटा वाजायची. सुश्रुताच्याही बाराच, याच्याही बाराच, हा योगायोग सरांना झोपू देईना. काकूंनी एकाच बाटलीला परवानगी दिली. मिठाचा डबा मात्र त्या दिवसापासून काकू खिडकीपासून दूर, पण हाताशी ठेवतात.

मृगाच्या तोंडाशी टपरीवर रोज विचारणा सुरू होते, ‘सर, जळू काय म्हणू राह्यली?’ थट्टेनं विचारतात, पण कान देऊन ऐकतात. उभी केळी आणि वादळी वारा यांचं आमच्याकडे काय नातं आहे ते ज्याची बाग एका रात्रीत आडवी झालीय त्यालाच ठाऊक. एका वर्षी जळू थेट बाटलीच्या गळ्याशी येऊन बसली. सरांनी जाहीर केलं, मोठं वादळ येणार. दहाबारा जणांनी घडांना टेकू दिले, पट्ट्या बांधल्या. वारा असा पडला की झाडाचं पान हलेना. चौकशीअंती निघालं, काकूंनी बाटली घासून नळाचं ताजं पाणी भरलं होतं आणि त्या दिवशी पाण्यात टीसीएल पावडर होती. जळू वादळाला नव्हे, वासाला भ्याली होती. पुढल्या वर्षी ती तळाशी निवांत पडून राहिली आणि पहाटे वादळानं अर्धी शिवारं झोपवली. सर चार दिवस टपरीवर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले, कुणाचं मनगट न धरता बाकावर बसले आणि म्हणाले, ‘जळू चुकली नाही. वाचणारा चुकला.’ कुणी हसलं नाही. कुणीतरी त्यांच्यासमोर चहा ठेवला, आणि तेवढ्या एका दिवसाचे पैसे त्यांना देऊ दिले नाहीत.

सरांना भरीत पार्टीला बोलवायचं की नाही, यावर दर हिवाळ्यात मतभेद होतात. शेतात कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजलेली असतात, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे ठेचून भरीत तयार असतं, कळण्याच्या पुऱ्या येत असतात, पंगत बसते. आणि सर शांतपणे सांगायला लागतात, की आफ्रिकेत एक जळू आहे, ती पाणघोड्याच्या गुदद्वारात राहते. दुसरीकडे कुठं नाही, तिथंच. ‘प्रत्येकानं आपली जागा शोधलेली असते,’ सर पुरीचा तुकडा मोडत म्हणतात. पंगतीत शांतता पसरते. त्या शांततेत भरिताचं पातेलं सरांकडे एकटंच उरतं, आणि ही युक्ती आहे की भाबडेपणा, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

गावच्या अभिमानाच्या जागीही त्यांची जळू पोचते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. नेहरू अध्यक्ष होते, मांडवाची सजावट नंदलाल बोसांनी केली होती, आणि शेतसारा, खंड, कर्ज यांबद्दल शेतकऱ्यांचा कार्यक्रम इथं मंजूर झाला. त्याच्या आठवणीचा कार्यक्रम असला की कुणी ना कुणी वक्ता ‘रक्तपिपासू जळूसारखे सावकार’ म्हणतोच, आणि समोरच्या रांगेतून सर उठतात. ‘कोणती? अहो, जळू पोट भरलं की आपणहून सुटते. सावकार सुटतो का? मुक्या जिवाची बदनामी करू नका.’ हे वाक्य ते इतकी वर्षं म्हणताहेत, की आता सर उभे राहिले की शाळेची पोरंच ते पूर्ण करतात.

त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीबद्दल मात्र सर कधी बोलत नाहीत. तो अधिकारी राहिला ती खोली एरवी सातपुड्यातल्या पाड्यांवरून शिकायला येणाऱ्या पोरांची. पावरा, तडवी, जो येईल तो. एका वेळी दोघं-तिघं, भाडं नाही. भाड्याऐवजी पहाटे पाचला दारावर थाप. वही दाखव. काल काय वाचलंस? कोणतं पान? आम्ही म्हणायचो, फुकट राहतात खरी, पण यापेक्षा भाडं परवडलं.

त्यातला एक पोरगा परीक्षेच्या तोंडावर पळून गेला. सरांनी पालची एसटी धरली, पुढं पायी चालत त्याचा पाडा गाठला. पोरगं डोंगरात जाऊन बसलेलं. सर त्याच्या झोपडीसमोर बाजेवर बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. बापानं भाकरी दिली, ती खाल्ली. अंधार पडल्यावर पोरगं खाली आलं, पाहतं तर सर तिथंच. म्हणाले, ‘चौथं प्रकरण राहिलंय तुझं.’

त्याच पोराच्या वर्गाला त्यांनी सुकी नदीवर नेलं होतं. सरांनी पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली नखाएवढी, चपटी, फिकट जळू होती. काडीनं हळूच तिला उताणी केली तर पोटाला पिल्लांची रांग लटकलेली. ‘हे ग्लॉसिफोनिडी कुळ,’ सर म्हणाले. ‘ही तुमच्या वाटेला जात नाही. गोगलगायी, बारीक आळ्या यांच्यावर हिचं भागतं. अंडी पोटाखाली धरते, पिल्लं निघाली की तीही पोटाशीच. या कुळात काहीजणी तर शिकार धरून पिल्लांना भरवतात.’ पोरगा म्हणाला, ‘सर, जळू अशी असते?’ सर काय म्हणाले असतील ते सांगायला नको. मग त्यांनी दगड होता तसा, त्याच कुशीवर परत ठेवला.

गेल्या ऑक्टोबरात, २०२५ साली, सर नातवाचा मोबाईल हातात घेऊन भर दुपारी माझ्याकडे आले. मीही आता निवृत्त होऊन गावी परतलोय, त्यामुळे सुटका नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या खडकात जळूचा जीवाश्म ओळखला गेला होता. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्रातला. जळवा जितक्या जुन्या समजल्या जायच्या त्याहून २० कोटी वर्षांनी जुना. मॅक्रोमायझॉन सिलुरिकस हे नाव सरांनी तीनदा म्हणून दाखवलं. ‘आता बघ,’ ते म्हणाले, आणि माझं मनगट धरलं. ‘मागचा चूषक केवढा ठळक! पुढचा नाहीच. आजवर सगळे म्हणायचे, मूळची जळू रक्तपिपासू. ही बहुधा बारकेसारके जीव गिळून राहत असावी. म्हणजे चिकटणं आधीचं, भो. पिणं नंतर आलं. आणि तेही सगळ्यांना आलं नाही.’

मी हात सोडवून घेतला नाही. उकडत होतं, चहाही झाला नव्हता, पण नाही घेतला.

हिवाळ्यात सरांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मंगल कार्यालय भरलं होतं. दुबईचा आला होता, बँकेचा साहेब आला होता, पुण्याचा जावई भिंग भेट घेऊन आला होता. सर शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन, धरायला कुणी नसल्यानं अवघडून बसले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर असलेला तो पळून गेलेला पोरगा बोलायला उभा राहिला. त्याला भाषण काही जमेना. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, ‘मी पळून गेलतो. पण सर मले जळूसारखे चिकटले.’

आणि अख्खं कार्यालय एका सुरात ओरडलं, ‘कोणती?’

सर दचकले. हा प्रश्न आपल्याशिवाय आणखी कुणाला पडतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. हशा ओसरेपर्यंत मास्तर थांबला. मग माईक जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाला, ‘ग्लॉसिफोनिडी.’

ज्यांना कळलं नाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळलं ते गप्प झाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सरांनी नारळ खुर्चीवर ठेवला, उठले, दोन पावलं पुढं येऊन मास्तराचं मनगट धरलं आणि माईक आपल्याकडे ओढला.

‘हे कुळ झालं, भो,’ ते म्हणाले. ‘जात सांग.’